गर्भाशयाचं अस्तर ९ एमएम, भ्रूण चांगलं, तरी रुजत का नाही? अस्तरातल्या प्रोटीनबद्दल जरा सविस्तर

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, राहणार डोंबिवली, लग्नाला सात वर्षं. आयव्हीएफ करून ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचेक दिवसांचे भ्रूण, फ्रीज केले, त्यातले दोन वेगवेगळ्या महिन्यांत एकेक करून गर्भाशयात ट्रान्सफर झाले, दोन्ही वेळेला अस्तर ९ एमएमच्या वर, सोनोग्राफीत चांगल्या अस्तराची ट्रिपल लाइन, भ्रूणाचा ग्रेड उत्तम, आणि दोन्ही वेळेला बीटा, म्हणजे दिवस गेलेत का ते बघायची रक्ततपासणी, निगेटिव्ह. आता डॉक्टर म्हणतायत की अस्तराचा तुकडा काढून इंटिग्रिन नावाचं प्रोटीन तपासू, ते कमी असणार. सासूबाईंनी त्यातलं "प्रोटीन कमी" एवढंच ऐकलं आणि त्या दिवसापासून रोज दोन अंडी, पनीर आणि प्रोटीन पावडरचा डबा सुरू झालाय. ताई विचारतायत की टेस्ट करू का, आणि खाण्याने हे प्रोटीन वाढतं का.

आधी अंड्यांचं संपवते. खा, अंडी चांगलीच असतात, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपण खातो ते प्रोटीन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, आणि शरीर त्या तुकड्यांतून हवं ते आपल्या हिशोबाने बनवतं. अस्तराच्या पेशींनी कुठलं प्रोटीन कुठल्या दिवशी बनवायचं हे ताटात काय वाढलंय यावर ठरत नाही, ते हॉर्मोन ठरवतात, मुख्यतः प्रोजेस्टेरॉन. पावडरचा डबा संपला की नवीन आणू नका, त्या पैशांत दोन महिन्यांची भाजी येईल.

आता मूळ मुद्दा. मी वंध्यत्वाची डॉक्टर, गेली बावीस वर्षं हेच काम करतेय, परळला रेसिडेन्सी केली तेव्हापासून, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, शब्द फक्त वेगळे असतात. सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं की अस्तर म्हणजे जमीन, भ्रूण म्हणजे बी, जमीन जाड आणि मऊ असली की बी रुजणार. हे चित्र अर्धंच खरं आहे. जमीन बी येण्याची वाट बघत बारा महिने तशीच पडलेली असते, अस्तर तसं नसतं. अस्तर महिन्यातले बरेचसे दिवस भ्रूणाला चिकटूच देत नाही, मुद्दाम देत नाही, आणि चार-पाच दिवसच असे असतात की तिथे काही प्रोटीन उतरतात, काही चढतात आणि मग दार उघडतं. सोनोग्राफीत जी जाडी दिसते त्यात यातलं काहीही दिसत नाही. ९ एमएम म्हणजे भिंत बांधून झालीय एवढंच, दार उघडं आहे का ते नाही.

माझं माहेर उरणचं. लहानपणी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला लाँचने जायचो, अजूनही जाते कधीकधी. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना माहितीय की मोऱ्याला गाळ इतका आहे की मोठी ओहोटी असली की लाँच लागतच नाही. धक्का तोच, लाँच तीच, तांडेल तोच, पण पाणी नाही तर काही होत नाही, सगळे टाइमटेबल बघत भाऊच्या धक्क्यावर बसून राहतात. भरती आली की लाँच आधी धक्क्याला नुसती घासत घासत पुढे सरकते, मग कोणीतरी एक दोर फेकतो, तो सैल असतो, लाँच अजून हलत असते, मग दुसरा दोर येतो आणि तो खुंट्याला आवळून बांधतात, आणि त्यानंतरच फळी टाकून माणसं उतरतात. भ्रूणाचं अगदी असंच आहे, आणि या प्रत्येक पायरीला वेगळं प्रोटीन आहे, म्हणून ही गोष्ट सांगितली.

पहिली पायरी घासत सरकण्याची. २००३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये एक सुंदर काम आलं होतं, त्यात असं दिसलं की भ्रूणाच्या बाहेरच्या पेशींवर एल-सिलेक्टिन नावाचं प्रोटीन असतं आणि अस्तराच्या पृष्ठभागावर योग्य दिवसांत त्याला धरता येतील असे साखरेचे धागे उगवतात. गंमत म्हणजे हीच युक्ती आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वापरतात, जखम झाली की त्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर गडगडत गडगडत येतात आणि सिलेक्टिनने सैल पकड घेतात. भ्रूणाने तीच जुनी युक्ती उचललीय. सैल दोर तो हा.

दुसरा, आवळून बांधायचा दोर म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं इंटिग्रिन. इंटिग्रिन बरीच आहेत, त्यातलं अल्फा-व्ही-बीटा-थ्री हे नाव या विषयात सारखं येतं, कारण १९९२ मध्ये लेसी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांच्या टीमने दाखवलं की ते अस्तरावर पाळीच्या साधारण विसाव्या दिवशी अचानक उगवतं, त्याआधी जवळजवळ नसतंच. हे मी स्वतः स्लाइडवर बघितलंय. ब्राउन रंगाचं स्टेनिंग करतात, जिथे ते प्रोटीन आहे तिथे तपकिरी रंग येतो. सतराव्या-अठराव्या दिवसाची स्लाइड बघितली तर ग्रंथी दिसतात, पेशींच्या बुडाशी केंद्रकाखाली पांढऱ्या फुग्यांची ओळ दिसते, सगळं छान दिसतं, पण तपकिरी काही नाही. आणि एकवीस-बाविसाव्या दिवसाच्या स्लाइडवर ते फुगे गेलेले असतात, ग्रंथींच्या पोकळीत स्राव भरलेला असतो आणि पेशींच्या कडेला पेन्सिलीने काढावी तशी तपकिरी रेघ. तेव्हा मी रेसिडेंट होते, पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मायक्रोस्कोपवरून उठून मला बसवलं आणि म्हणाल्या, बघ, चार दिवसांत घर बदललंय. याच इंटिग्रिनला धरणारं ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रोटीन ग्रंथींमधून पाझरतं, म्हणजे खुंटा आणि दोर दोन्हीची सोय एकाच आठवड्यात होते.

पण नुसते दोर असून भागत नाही, वाटेत आडवं येणारंही कोणीतरी आहे. अस्तराच्या पृष्ठभागावर म्यूक-वन नावाचं लांबलचक, साखरेने लडबडलेलं प्रोटीन ब्रशच्या केसांसारखं उभं असतं. ते आपल्या भल्यासाठीच आहे, जंतू चिकटू नयेत म्हणून, पण त्या लांब केसांमुळे भ्रूणालाही खालच्या इंटिग्रिनपर्यंत पोचता येत नाही. उंदरांमध्ये रुजायच्या वेळेला हे म्यूक-वन सगळीकडूनच कमी होतं. माणसात मात्र उलटं आहे, त्या दिवसांत ते वाढतं! आम्हाला शिकवताना हे कोणाला पटायचं नाही. पण २००१ च्या सुमाराला स्पेनमधल्या टीमने लॅबमध्ये भ्रूण आणि अस्तराच्या पेशी एकत्र वाढवून दाखवलं की भ्रूण जिथे टेकतो तेवढ्याच जागेवरचं म्यूक-वन निघून जातं, आजूबाजूचं तसंच राहतं. म्हणजे माणसाच्या बाईचं अस्तर सगळीकडे दार उघडत नाही, ज्याच्यात स्वतः दार ढकलायची ताकद आहे त्यालाच आत घेतं. कमकुवत भ्रूण तिथेच घसरतं. हे लक्षात ठेवा, याच्यावर पुढे परत येणार आहे.

आता हे सगळं चालू कोण करतं. आधी इस्ट्रोजेन, ते अस्तर वाढवतं आणि पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारी प्रोटीन, बसवतं. मग अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन येतं, आणि मजा बघा, प्रोजेस्टेरॉन काही दिवस काम केल्यावर अस्तराच्या वरच्या थरातले स्वतःचेच रिसेप्टर बंद करतं, आणि ते बंद झाले की मगच दाराची प्रोटीन उगवतात. म्हणून वेळ इतकी महत्त्वाची. दोन दिवस आधी गेलात तर पाणी नाही, दोन दिवस उशिरा गेलात तर ओहोटी. ज्या काळी लॅबमध्ये मोजायची सोय नव्हती तेव्हापासून हे माहिती आहे, १९५० मध्ये नॉइस आणि मंडळींनी अस्तर मायक्रोस्कोपखाली बघून पाळीचा कितवा दिवस आहे हे सांगायची पद्धत दिली होती, तीच आम्ही अजून पाठ करतो. आणि १९९९ मध्ये विलकॉक्स यांचा अभ्यास आला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये, त्यांनी नैसर्गिकपणे दिवस जाणाऱ्या बायकांची रोजची लघवी तपासली होती, त्यात टिकलेल्या गर्भारपणांपैकी ८४ टक्के अंडं सुटल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवसात रुजली होती. त्याहून लक्षात राहणारा आकडा पुढचा आहे. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के गर्भारपणं लवकरच पडून गेली, दहाव्या दिवशी २६, अकराव्या दिवशी ५२, आणि त्यानंतर रुजलेल्यांपैकी ८२ टक्के.

या सगळ्यात एक मुकादम आहे, होक्स-ए-टेन. ते जीन चालू-बंद करणारं प्रोटीन आहे, इंटिग्रिन बीटा-थ्रीचं बटणही त्याच्याच हातात. ज्या उंदरिणींमध्ये ते नसतं त्यांच्या गर्भपिशवीत भ्रूण रुजत नाहीत, हे १९९५ मधलं काम. हे नाव लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात तो आजार) असला किंवा गर्भनळीत पाणी भरलेलं असलं तर हे कमी होतं, एवढं ठेवा.

आणि एलआयएफ. याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही कारण आमच्या फील्डची सगळी आशा आणि सगळा अपेक्षाभंग त्यात आहे. ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर असं भयंकर नाव आहे, नावाला घाबरू नका, कॅन्सरशी इथे काही घेणंदेणं नाही. हे ग्रंथींतून पाझरणारं निरोप्या प्रोटीन. १९९२ मध्ये नेचरमध्ये आलं की ज्या उंदरिणींमध्ये एलआयएफ नाही त्यांची अंडी फळतात, भ्रूण अगदी ब्लास्टोसिस्टपर्यंत छान वाढतात आणि मग पिशवीत नुसते तरंगत राहतात, रुजतच नाहीत. तेच भ्रूण उचलून दुसऱ्या, नॉर्मल उंदरिणीच्या पिशवीत ठेवले की रुजतात. म्हणजे दोष शंभर टक्के अस्तराचा. इतका स्वच्छ पुरावा आमच्या विषयात क्वचित मिळतो. मग साहजिकच सगळ्यांना वाटलं, झालं, ज्यांना वारंवार रुजत नाही त्यांना एलआयएफचं इंजेक्शन द्या. तसं औषध बनवलंही, व्यवस्थित ट्रायल झाली, अर्ध्या बायकांना खरं, अर्ध्यांना नुसतं पाणी, २००९ मध्ये निकाल आला. काही फायदा झाला नाही, उलट पाणीवाल्या गटाचे आकडे बरे होते. 

का झालं असं? कारण उंदरिणीत एका निरोप्यावर काम अडलेलं होतं. माणसात एकाच वेळी शेकडो प्रोटीन हलतात, प्रत्येकाला पर्यायी कोणीतरी असतं, आणि ते कुठे, किती, कोणत्या तासाला यायचं हे ठरलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत मीठ कमी पडलं म्हणून मंडपात पोतं ओतून चालत नाही ना.

तर आता तुमच्या टेस्टकडे येते. माझं मत विचाराल तर इंटिग्रिनच्या टेस्टसाठी पैसे घालवू नका. इंटिग्रिन खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, वर एवढी आरती ओवाळली त्याची. पण तुकडा काढतात त्या महिन्यात ट्रान्सफर होत नाही, म्हणजे तुम्ही या महिन्याची भरती मोजून पुढच्या महिन्याची लाँच पकडणार. तो तुकडाही पिशवीच्या एका कोपऱ्यातला. त्यातून "कमी" आलं तर पुढे काय देणार, याचं उत्तर कोणाकडेच नाही, इंटिग्रिनची गोळी मिळत नाही. ज्या टेस्टच्या निकालाने ट्रीटमेंट बदलणार नाही ती टेस्ट मी सहसा करत नाही, आणि डॉक्टरांना तुम्हीही हाच प्रश्न विचारा, रागावणार नाहीत, रागावले तर ते पण एक उत्तरच आहे.

मग तुम्ही म्हणाल की जीनवाली टेस्ट, ती एरा का काय ती, ती करू का. ती प्रोटीनऐवजी दोनशेहून जास्त जीनची चाल बघते आणि सांगते की तुमची खिडकी, म्हणजे दार उघडायची वेळ, बारा तास पुढे आहे की चोवीस तास मागे. कल्पना छानच आहे, मला स्वतःला सुरुवातीला फार आवडली होती. पण २०२२ मध्ये जामा या जर्नलमध्ये ७६७ बायकांची ट्रायल आली, एका गटात टेस्टने सांगितलेल्या वेळी ट्रान्सफर, दुसऱ्यात नेहमीच्या वेळी, भ्रूण सगळ्यांचे क्रोमोसोम तपासलेले. मूल झालं ते टेस्टच्या गटात ५८.५ टक्के, नेहमीच्या गटात ६१.९ टक्के. त्यानंतर मी ही टेस्ट आपणहून कोणाला सुचवलेली नाही.

आणि स्क्रॅचिंगबद्दल कबुली देऊन टाकते. अस्तराला आधीच्या महिन्यात जरा खरवडलं की दुरुस्तीच्या निमित्ताने ही सगळी प्रोटीन जोरात येतात आणि गर्भ रुजतो, असं एक काळ सगळीकडे बोललं जायचं, कॉन्फरन्समध्ये स्लाइडवर स्लाइड. मीही केलं, कित्येक जणींना केलं, त्यांना दुखायचं, एकीला टेबलावर चक्कर आली होती आणि मी तिला सांगत होते की अगं फायदा होतो याचा. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये १३६४ बायकांचा निकाल आला, स्क्रॅच केलेल्यांत मूल झालं २६.१ टक्के, न केलेल्यांत २६.१ टक्के. दशांशापर्यंत सारखं. त्या संध्याकाळी मला त्या चक्कर आलेल्या मुलीचा चेहरा आठवत राहिला. कोणी आजही तुम्हाला स्क्रॅच सुचवलं तर हा आकडा सांगा. इंट्रालिपिडची, म्हणजे स्निग्धांशाची, सलाईन वगैरे प्रकारही मी त्याच खणात ठेवते.

हे सगळं वाचून असं वाटेल की मग अस्तराचं काही करताच येत नाही. तसं नाही. प्रोटीन थेट ओतता येत नाहीत, पण ती बिघडवणाऱ्या गोष्टी काढता येतात, आणि त्यात तुमचा खरा फायदा आहे.

सगळ्यात वर नळीतलं पाणी, हायड्रोसाल्पिंक्स. नळीचं टोक बंद असतं, आत पाणी साठतं आणि ते थेंब थेंब पिशवीत झिरपत राहतं. भ्रूण वाहून जातं असं पूर्वी सांगायचे, ते असेलही, पण महत्त्वाचं म्हणजे त्या पाण्याने अस्तरातली इंटिग्रिन, एलआयएफ, होक्स-ए-टेन ही सगळी मंडळी कमी होतात आणि नळी काढल्यावर किंवा बांधल्यावर बऱ्याच जणींत परत येतात. जुन्या अभ्यासांमध्ये नळीत पाणी असलेल्यांचा आयव्हीएफचा रिझल्ट जवळजवळ निम्म्यावर आलेला होता. इतकी साधी, दुर्बिणीतून होणारी गोष्ट, आणि सोनोग्राफीत दरवेळी दिसतेच असं नाही कारण पाणी कधी असतं, कधी ओसरतं.

दुसरं, जुनी सूज, क्रॉनिक एंडोमेट्रायटिस. ताप नाही, दुखत नाही, पाळी नीट, काही लक्षण नाही. तुकडा काढायचाच असेल तर मी यासाठी काढेन. त्याच्यावर सीडी-१३८ या प्रोटीनचं स्टेनिंग करून जुनी सूज दाखवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मोजतात, आणि सापडल्या तर साध्या डॉक्सीसायक्लिनने बहुतेक जणींच्या जातात. बघा, हेही प्रोटीनचंच स्टेनिंग आहे, पण याच्या निकालानंतर हातात गोळी आहे, फरक एवढाच. आणि आपल्याकडे टीबी. परदेशातल्या पुस्तकांत याला दोन ओळी असतात, मुंबईत मला याला दोन पानं द्यावी लागतील. पिशवीचा टीबी अस्तर चिकटवून, खरवडून टाकतो, पाळी कमी कमी होत जाते. तुमचं अस्तर ९ एमएम येतंय आणि पाळी नीट आहे म्हणजे तसा वाईट टीबी असण्याची शक्यता कमी, पण लहानपणी घरात कोणाला झाला होता का हे डॉक्टरांना सांगा. नुसता पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून नऊ-नऊ महिने गोळ्या चालू करायच्या, हे मात्र मला पटत नाही, त्याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

तिसरं एंडोमेट्रिओसिस. पाळीत फार दुखतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यात अस्तर प्रोजेस्टेरॉनला ऐकूच येत नसल्यासारखं वागतं, हॉर्मोन रक्तात असतं, पण पेशी ढिम्म. अशा वेळी काही जणींना ट्रान्सफरआधी दोन-तीन महिने इंजेक्शनने पाळी थांबवून बघतात.

आणि चौथं, प्रोजेस्टेरॉन स्वतः. तुमचं ट्रान्सफर गोळ्यांवरच्या सायकलमध्ये झालं असणार, म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळ्या, मग योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉन, आणि ते सुरू करून पाच पूर्ण दिवस झाल्यावर ब्लास्टोसिस्ट. या सायकलमध्ये तुमचं स्वतःचं अंडं सुटलेलं नसतं, म्हणजे स्वतःचं प्रोजेस्टेरॉन शून्य, जे आहे ते बाहेरून. काही बायकांमध्ये ते नीट शोषलं जात नाही. ट्रान्सफरच्या आसपास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं होतं का बघा, दर मिलीला १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आम्ही इंजेक्शन जोडतो. आणि गोळी किती वाजता सुरू केली हे खरं खरं सांगत जा. माझी एक पेशंट होती, बदलापूरहून यायची, पहिला डोस रात्री घ्यायचा होता, तिने गाडीत झोप लागली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला आणि ओरडा बसेल म्हणून सांगितलं नाही. बारा तासांनी कदाचित काही बिघडलं नसेलही, पण मी वेळ मोजत होते ती चुकीची होती ना! पाळी नियमित असेल तर नैसर्गिक सायकलमध्ये ट्रान्सफर करता येईल का हेही विचारा, त्यात स्वतःचं प्रोजेस्टेरॉन असतं, आणि पुढे गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोकाही गोळ्यांच्या सायकलपेक्षा कमी दिसलाय. क्लिनिकला ते त्रासाचं असतं, रविवारी पण यावं लागतं, म्हणून काही जण टाळतात. खरं आहे ते, मलाही रविवारी यायला आवडत नाही.

आता मघाशी म्हटलं होतं त्या मुद्द्यावर येते, कमकुवत भ्रूणाला अस्तर घसरवतं. चौतिसाव्या वर्षी दिसायला सुंदर असलेल्या ब्लास्टोसिस्टपैकीही साधारण तिसरा हिस्सा क्रोमोसोमने बिघडलेला असतो, ग्रेडमध्ये ते दिसत नाही. म्हणजे तुमच्या दोन निगेटिव्हमध्ये अस्तराने काही चूक न करता नुसतं आपलं काम केलं असण्याची बरीच शक्यता आहे. अस्तर हे फार चोखंदळ आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या टीमने अस्तराच्या खालच्या थरातल्या पेशी घेऊन त्यांच्याजवळ चांगली आणि वाईट भ्रूणं ठेवून बघितली, तर नॉर्मल बायकांच्या पेशी चांगल्या भ्रूणाकडे सरकल्या आणि वाईटाकडे सरकल्या नाहीत. आणि ज्यांना वारंवार गर्भपात होत होते त्यांच्या पेशी दोघांकडेही सारख्याच सरकल्या. म्हणजे त्यांचं अस्तर नको इतकं प्रेमळ होतं, कोणालाही घरात घेत होतं आणि मग दहाव्या आठवड्यात बाहेर काढत होतं. हे वाचल्यापासून "तुझी पिशवी गर्भ धरत नाही" हे वाक्य कोणी बोललं की माझं डोकं फिरतं.

आणि तुम्हाला धीर यावा म्हणून नाही, आकडा आहे म्हणून सांगते. २०२१ मध्ये एक मोठी आकडेवारी आली, ४४२९ बायका, सगळ्यांचे भ्रूण क्रोमोसोम तपासून नॉर्मल निघालेले, एका वेळी एकच ट्रान्सफर. तीन ट्रान्सफरपर्यंत जाताजाता गर्भ रुजून टिकण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांवर पोचलं. त्यात तुमच्या-माझ्यासारखीच अस्तरं होती, आणि पिशवीत ठळक दोष असलेल्या बायका त्यात नव्हत्या म्हणूनच वरची तपासणी आधी करायची. कायमचं, बरं न होणारं, गूढ असं अस्तर फार थोड्या जणींचं असतं. फ्रीजमध्ये भ्रूण किती उरलेत ते तुम्ही लिहिलं नाही. तीन-चार असतील तर त्यांची क्रोमोसोम तपासणी करायची का याची चर्चा करा, एकच असेल तर मी तपासणार नाही, सरळ ठेवेन.

राहता राहिलं ते तुम्ही शेवटी विचारलेलं, "ट्रान्सफरनंतर लिफ्ट बंद होती, तीन मजले चढले, त्याने पडलं का". नाही. पिशवी म्हणजे रिकामी खोली नाही, पुढची-मागची भिंत एकमेकींना चिकटलेल्या असतात, घडी घातलेल्या रुमालात तीळ ठेवावा तसं ते भ्रूण असतं, उडी मारली तरी पडणार नाही. स्क्रीनवर तुम्हाला जो चमकणारा पांढरा ठिपका दाखवला आणि नवऱ्याने मोबाईलवर फोटो काढला, तो पण खरं तर भ्रूण नाही, सोबत सोडलेला हवेचा बुडबुडा आहे, भ्रूण एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं, ते सोनोग्राफीत दिसत नाही. फोटो ठेवा, हरकत नाही.

तर पुढच्या भेटीला जाताना एक करा. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तुमची नळीची तपासणी, एचएसजी झाली असणार, तेव्हा मोठी काळी फिल्म मिळते, ती बहुतेकांच्या घरी कपाटावर नाहीतर गादीखाली असते. रिपोर्टच्या कागदावर "नळ्या मोकळ्या" लिहिलं असेल तरी कागद नको, ती फिल्म घेऊन जा आणि डॉक्टरांना उजेडावर धरून नळीची टोकं परत बघायला सांगा. दुमडून नेऊ नका, चरा पडतो.